खडी कोण टाकतंय? : ऑफ-रोड प्रवासाच्या फिल्म्सबद्दल

माझा झंस्करचा व्हिडिओ १७ मिनिटांचा आहे. लाहौलमधल्या दारचापासून सुरू होतो, साडेसोळा हजार फुटांवरच्या शिंकू ला खिंडीवरून पलीकडे उतरतो आणि पदुमला संपतो. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. वर्षभर तिकिटं बंद करायची आणि स्टँड-अपला उभं राहायचं, एवढंच चालू असतं. त्यामुळे ते चार दिवस माझ्यासाठी काय होते हे वेगळं सांगायला नको. एडिटिंगला तीन वीकेंड घातले. खाली दरी, वर बर्फ, मध्ये एक बारकीशी मोटरसायकल आणि मागे चढत जाणारं संगीत. मित्रांना आवडला. ऑफिसच्या ग्रुपवर आगीच्या इमोजींचा पाऊस पडला.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा आज्जीला दाखवला. आमचं गाव माण तालुक्यात. आज्जीनं फोन हातभर लांब धरून सगळी १७ मिनिटं बघितली. मला वाटलं, आता म्हणेल, पडला असतास म्हंजी? पण तिनं विचारलं, "आन् तितं खडी कोन टाकतंय रं?"

मी म्हटलं, "सरकार टाकतं, आज्जी."

"सरकार कवा टाकतंय? मानसं टाकत्यात."

आणि फोन माझ्याकडं देऊन ती शेंगा फोडायला लागली.

या प्रश्नाला उत्तर होतं. ते माझ्याकडं होतं, माझ्या हार्ड डिस्कवर होतं, आणि मीच ते कापलेलं होतं. हा लेख त्या कापलेल्या तुकड्याबद्दल आहे. आणि ज्या फिल्म्स बघून मी असं कापायला शिकलो, त्यांच्याबद्दल.

तर झालं होतं असं. शिंकू लावरून झंस्करच्या बाजूला उतरताना रस्त्यावर पाणी आडवं येतं. हिमनदीचं पाणी सकाळी कमी असतं आणि उन्हानं बर्फ वितळायला लागला की दुपारनंतर चढतं. म्हणून शहाणी माणसं असे ओहोळ सकाळी पार करतात. मी फोटो काढत बसलो आणि दुपारी अडीचला पोचलो. अलीकडच्या काठावर ट्रायपॉड लावला, कॅमेरा चालू केला, गाडी पाण्यात घातली आणि मधोमध पुढचं चाक एका गोट्यावरून सरकलं. गाडी आडवी. माझी हिमालयन जवळपास दोनशे किलोची, वर सामान. त्या उंचीवर नुसतं वाकून उभं राहिलं तरी धाप लागते. दोनदा उचलायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मीच बसलो.

पलीकडं रस्त्याचं काम चाललं होतं. दोघंजण फावडी टाकून गमबूट घालून पाण्यात आले. गाडी उचलली. त्यातल्या एकानं आधी स्वतः पाण्यातून चालून दगड कुठं आहेत ते पायानं चाचपलं आणि मला सांगितलं, इथून जा, पहिल्या गिअरवर, क्लच दाबून धरू नका. गेलो. दोघं झारखंडचे, दुमक्याकडचे. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. एकानं एक नंबर दिला आणि म्हणाला, पदुमला नेटवर्क येईल तेव्हा घरी मेसेज टाका की सगळं ठीक आहे. अलीकडच्या काठावर राहिलेला ट्रायपॉडसुद्धा त्यांच्यातल्याच एकानं पाणी ओलांडून आणून दिला.

पदुमला पोचल्यावर मी मेसेज टाकला. व्हिडिओतून मात्र ते ४० सेकंद काढून टाकले. व्हिडिओत गाडी पडते, पाणी लेन्सवर उडतं, कट, आणि पुढच्या शॉटमध्ये मी पलीकडं हात वर करून उभा. कापताना मला वाईटही वाटलं नव्हतं. फ्लो तुटतोय, एवढंच वाटलं होतं.

फ्लो म्हणजे काय, हे मला कुणी शिकवलं? माझ्या वयाच्या पुष्कळ रायडर्ससारखं मलाही 'लाँग वे राउंड'नं शिकवलं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेलवर, पेन ड्राइव्हवरून रात्रभर बसून बघितलेली ही मालिका. २००४ साली यूअन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन अभिनेते १४ एप्रिलला लंडनहून मोटरसायकलवर निघाले आणि पूर्वेकडं जात जात २९ जुलैला न्यूयॉर्कला पोचले. युरोप, युक्रेन, कझाकस्तान, मंगोलिया, सायबेरिया, मग अलास्का आणि कॅनडा. गाड्या बीएमडब्ल्यूच्या आर ११५० जीएस ॲडव्हेंचर, सामान न लादताच अडीचशे किलोच्या घरातल्या.

ही मालिका मी अलीकडं पुन्हा पाहिली. ती वाईट आहे असं म्हणायचा माझा अजिबात इरादा नाही. आजच्या बहुतेक मोटोव्लॉगपेक्षा ती प्रामाणिक आहे. हे दोघं रडतात, चिडतात, घरच्यांची आठवण काढून हळवे होतात. सपोर्टच्या जीप आहेत, निर्माते आहेत, कागदपत्रं सांभाळणारी माणसं आहेत, आणि मालिका ते लपवत नाही. तरीही तिची जी प्रतिमा आपल्या डोक्यात राहते ती अशी : दोन मित्र, दोन गाड्या, समोर मोकळं जग.

आता हा शॉट नीट बघा. दोन गाड्या धूळ उडवत लांब जाताहेत. हे कोण बघतंय? क्लॉडिओ फॉन प्लांटा नावाचा कॅमेरामन, तिसऱ्या मोटरसायकलवर. तोच रस्ता, तीच गाडी, वर कॅमेऱ्याचं ओझं, आणि पुढं जाऊन थांबायचं, शूट करायचं, पुन्हा गाठायचं. प्रवास तिघांचा आहे. पण फ्रेममध्ये दोघंच मावतात, कारण तिसरा फ्रेम धरून उभा आहे.

म्हणूनच मला मंगोलियाचा भाग सगळ्यांत चांगला वाटतो. तिथं चिखल आहे, गाड्या पुन्हा पुन्हा आडव्या होताहेत, दोघांचाही धीर सुटत चाललाय. आणि क्लॉडिओच्याच गाडीची फ्रेम तुटते. मग वेल्डिंगची खटपट, आणि शेवटी त्याच्यासाठी एक लाल रंगाची रशियन ईझ प्लानेटा घेतली जाते. किडकिडीत, जुन्या धाटणीची गाडी. ती चिखलातून सरसर निघते आणि महागड्या जर्मन गाड्या मागं धडपडत राहतात. इथं मालिका अचानक जिवंत होते. एक तर विनोद येतो. दुसरं म्हणजे कॅमेऱ्यामागचा माणूस पुढं येतो. तिसरं, गाडी बंद पडली की आसपासची माणसं गोळा होतात आणि त्यांना फ्रेमबाहेर ठेवता येत नाही. ज्याला आपण मघापासून निर्जन प्रदेश समजत होतो तिथं वेल्डिंग करणारा माणूस आहे! याचा अर्थ तिथं इतरांच्याही गाड्या तुटतात, त्यांचीही कामं अडतात, आणि ते रोजच या चिखलातून जातात.

पुढं सायबेरियात मात्र मालिकेनं मोठी संधी घालवली असं मला वाटतं. याकुत्स्क ते मगदान हा जवळपास २००० किलोमीटरचा कोलिमा महामार्ग. रायडर्सच्या जगात तो 'रोड ऑफ बोन्स' म्हणूनच प्रसिद्ध आहे. हाडांचा रस्ता. स्टालिनच्या काळात, १९३० च्या दशकापासून, गुलागच्या कैद्यांकडून तो बांधून घेतला. कोलिमातलं सोनं बाहेर काढायचं होतं. थंडीनं, उपासमारीनं, कामानं असंख्य माणसं मेली, आणि त्यांना रस्त्यातच किंवा कडेला पुरलं म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. वर्लाम शालामोव्ह हा लेखक स्वतः कोलिमात कैदी होता. पुढं त्यानं 'कोलिमा कथा' लिहिल्या. त्या कथांमध्ये थंडी आणि भूक यांना माणसाच्या मापानं मोजलेलं आहे.

म्हणजे हा असा रस्ता आहे की तो कुणी बांधला हे त्याच्या नावातच आहे. आणि मालिका संपल्यावर माझ्या लक्षात काय राहतं? नद्यांचं पाणी. पूल वाहून गेलेत, पाणी चढलंय, गाड्या ट्रकवर चढवून पलीकडं न्याव्या लागताहेत. इतिहास सांगितला जातो, पण माहितीसारखा. त्याचा पुढच्या एकाही शॉटवर परिणाम होत नाही. व्हिडिओ गेममध्ये शेवटच्या लेव्हलला एक भयंकर नाव असतं ना, तसं ते नाव वापरलं जातं. रस्ता अवघड आहे, कारण निसर्ग अवघड आहे. बस्स.

ऑफ-रोड फिल्मची ही मूळ सवय आहे असं मला आता वाटतं. ती रस्त्याला निसर्गात जमा करते. डोंगर, नदी, बर्फ आणि कच्चा रस्ता, सगळं एकाच यादीत. एकीकडं हे सगळं, दुसरीकडं रायडर. पण कच्चा रस्ता निसर्गात उगवत नाही. कुणीतरी कातळ फोडलेला असतो, भराव टाकलेला असतो, दर पावसाळ्यानंतर वाहून गेलेला तुकडा पुन्हा केलेला असतो. तो रस्ता अवघड असणं हीसुद्धा त्या कामाची एक अवस्था असते. आपण अर्ध्या कामावरून जात असतो.

योगायोग बघा, २००४ मध्येच वॉल्टर सालेसचा 'द मोटरसायकल डायरीज' आला. १९५२ साली अर्नेस्टो गेव्हारा आणि अल्बर्टो ग्रानादो ज्या नॉर्टन ५०० वर अर्जेंटिनातून निघाले होते तिचं नाव 'ला पोदेरोसा', म्हणजे बलशाली. ही बलशाली बाई चिलीमध्ये कायमची बसली. पुढचा प्रवास पायी, ट्रकमधून, मिळेल तसा. आणि चुकीकामाताच्या तांब्याच्या खाणीकडं जाताना कामाच्या शोधात निघालेलं एक गरीब जोडपं भेटतं तो प्रसंग गाडी गेल्यानंतरचा आहे. नाव मोटरसायकलचं आणि गोष्ट मोटरसायकल संपल्यावर सुरू होणारी! गाडीवर असताना हे दोघं प्रदेश बघत होते. गाडी गेल्यावर त्यांना माणसांकडं मागावं लागलं, आणि मागावं लागलं की समोरच्याचं ऐकावं लागतं.

मग गाडी मोडल्याशिवाय चांगली फिल्म होतच नाही का? होते. नोराली स्खूनमाकर या डच बाईचं 'इची बूट्स' बघा. ही मूळची भूगर्भशास्त्रज्ञ. भारतात हिमालयन विकत घेतली, तिचं नाव 'बसंती' ठेवलं आणि फिरत फिरत नेदरलँड्सपर्यंत गेली. वाटेत ताजिकिस्तानातला पामीर हायवेसुद्धा केला. सोबत जीप नाही, कॅमेरामन नाही. एकट्यानं शूट करणाऱ्याची गंमत अशी की ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्यात तुम्ही लांब जाताना दिसायचं असेल तर परत येऊन तो कॅमेरा घ्यावा लागतो. मला हे चांगलंच माहीत आहे. तिच्या व्हिडिओंमध्ये टपरी, पंक्चर काढणारा, चहा पाजणारं कुटुंब, सीमेवरचा अधिकारी हे सगळे मुख्य गोष्टीचाच भाग असतात. ती बरेचदा मदत मागते आणि मदत मागतानाचं स्वतःचं अवघडलेपण ठेवते. त्यामुळे तिच्या अवघड रस्त्यावर माझा विश्वास बसतो. अर्थात तिथंही प्रत्येक भागाचा ताण शेवटी तोच, आज ती पोचणार का? पण निदान पोचवणारे दिसतात.

आता 'ऑफ-रोड' हा शब्द. हा शब्द हायवेवर उभा राहून बोलतो. ज्याला हायवे आहे त्याच्यासाठी बाकीचं सगळं ऑफ. मी ज्या वाटेवरून गेलो तिची गोष्ट मला नंतर कळली. झंस्करमधले लामा त्सुल्त्रिम छोंजोर यांनी सरकारची वाट बघून कंटाळून, स्वतःची मालमत्ता विकून यंत्रं आणली आणि शिंकू लाकडच्या रामजाकपासून करग्याक गावापर्यंत ३८ किलोमीटरचा रस्ता काढला. त्यासाठी २०२१ चा पद्मश्री त्यांना मिळाला. हिवाळ्यात बर्फानं खिंडी बंद झाल्या की झंस्करच्या लोकांना गोठलेल्या नदीवरून, 'चादर'वरून, चालत बाहेर पडावं लागायचं. शाळेत जाणारी पोरंसुद्धा त्यात असायची. करग्याकच्या माणसासाठी ही वाट ऑफ-रोड नव्हती, हाच पहिला रोड होता. मी त्याच वाटेवर ड्रोन उडवून खाली लिहिलं होतं, "जिथे रस्ता संपतो."

पुढं सीमा सडक संघटनेनं काम नेलं. मार्च २०२४ मध्ये निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता जोडला गेला. त्याच जुलैमध्ये शिंकू लाखालून बोगद्याचं काम सुरू झालं. रायडर्सच्या गप्पांमध्ये यावर एक ठरलेलं वाक्य येतं : "डांबर पडायच्या आत करून घ्या, नंतर मजा नाही." मीही हे वाक्य बोललोय. डोंगरात रस्ते किती आणि कसे काढावेत, यावर जरूर वाद घालावा. रस्त्याबरोबर दरडी येतात, कचरा येतो, माझ्यासारखे येतात. पण "मजा गेली" हा त्या वादातला मुद्दा नाही. दवाखान्याला निघालेल्या बाईचा रस्ता माझ्या वीकेंडसाठी कच्चा राहावा, असं ते वाक्य म्हणतं.

आणि काम करणारे कोण, तर दुमक्याचे. लडाखच्या रस्त्यांवर झारखंडच्या संथाल परगण्यातून येणाऱ्या मजुरांचा मोठा वाटा आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हे क्षणभर सगळ्यांना दिसलं होतं. मे महिन्यात लेहकडं अडकलेल्या ६० मजुरांना विमानानं रांचीला आणलं गेलं, आणि जूनमध्ये दुमक्याहून खास रेल्वेनं मजूर पुन्हा लडाखच्या रस्त्यांसाठी निघाले. त्या उन्हाळ्यात बातमीत होते. नंतर आमच्या व्हिडिओंमध्ये ते पुन्हा बॅकग्राउंडला गेले, तेही हेल्मेट कॅमेऱ्यात अर्धा सेकंद, कडेला धुळीत.

हे सगळं एका मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, रायडिंगचा व्हिडिओ आहे, रोजगार हमीवरची डॉक्युमेंटरी नाहीये. लोकांना रिलॅक्स होऊ दे." बरोबर आहे. प्रत्येक व्हिडिओनं मजुरांचे प्रश्न मांडावेत असं माझं म्हणणं नाही. पहिल्या गिअरवर, पायऱ्यांवर उभं राहून, गाडी स्वतःची वाट शोधतेय आणि आपण फक्त तोल देतोय, यातलं सुख खरं आहे आणि ते दाखवायलाच हवं. माझी तक्रार फिल्म म्हणून आहे. माणसं काढून टाकली की अवघडपणाला माप उरत नाही. मग ते संगीतानं वाढवावं लागतं, स्लो मोशननं वाढवावं लागतं, थंबनेलवर लाल बाण काढावा लागतो. तेच पाणी एक माणूस गमबूट घालून, पायानं दगड चाचपत ओलांडतो तेव्हा ते किती खोल, किती गार आणि किती रोजचं आहे हे एका शॉटमध्ये कळतं. माझ्याकडं तो शॉट होता. मी त्या जागी संगीत घातलं होतं.

आज्जीकडं परत येतो. शेंगा फोडता फोडता ती बाहत्तरच्या दुष्काळाबद्दल बोलायला लागली. तिचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. दुष्काळी कामावर ती खडी फोडायला जायची. मस्टरवर नाव, आठवड्यानं पगार, खायला सुकडी आणि मिलो. खडी फोडताना डोळ्यात कपची जाऊ नये म्हणून पदर कसा बांधायचा ते तिनं करून दाखवलं. मी विचारलं, कुठल्या रस्त्यावर? तर म्हणाली, "ह्योच की. फाट्यापतूर."

आमच्या गावापासून फाट्यापर्यंतचा रस्ता. याच रस्त्यावर मी आठवीत पप्पांची एम-एटी चालवायला शिकलो. कॉलेजला जाताना याच रस्त्यानं एसटी धरायला गेलो. गाडी चालवण्याबद्दल मी आजवर जे काही बोललोय त्यात तो रस्ता कधी आला नव्हता, आणि त्याखाली कुणाचे हात आहेत हे तर घरात असून माहीत नव्हतं. तिनं कधी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. झंस्करच्या दरीकडं बघून तिला खडी दिसली ती यामुळे.

पुण्याला आल्यावर मी व्हिडिओ पुन्हा उघडला आणि ते ४० सेकंद परत घातले. दोघांचे चेहरे ओळखू येणार नाहीत एवढी काळजी घेतली, कारण त्यांना विचारलेलं नव्हतं. संगीत काढलं, पाण्याचा आवाज ठेवला. खालचं "जिथे रस्ता संपतो" हे वाक्य खोडलं. मग नव्यानं अपलोड केला.

आठवड्यानं आकडे बघितले. प्रेक्षक किती वेळ टिकतात त्याचा आलेख पडण्याच्या शॉटपर्यंत सरळ जातो आणि त्या ४० सेकंदांत खाली येतो. लोक तिथून पुढं सरकवतात. आधीच्या आवृत्तीत तो सरळ होता. याचा अर्थ फ्लोबद्दल माझा अंदाज बरोबर होता. हे मान्य करायला हवं, कारण ही सवय एकट्या फिल्म करणाऱ्यांची नाही. मीसुद्धा दुसऱ्यांचे व्हिडिओ बघताना नेमकं अशाच जागी बोटानं पुढं जातो. कुणी टपरीवर बोलायला लागलं की दहा सेकंद पुढं, परत रस्ता आला की थांब.

आलेखाचं काय करायचं ते ठरलेलं नाही. ते ४० सेकंद अजून आहेत. आज्जीला नवा व्हिडिओ पाठवला तेव्हा तिनं चुलतभावाच्या फोनवरून कॉल केला. एवढंच म्हणाली, "फावडं लई लांब दांड्याचं हाय रं त्येंचं. कंबर दुखत नसंल."